नमुना सही

सर,

मी पालघरच्या महाविद्यालयातला तुमचा वाणिज्य शाखेचा विद्यार्थी आणि पुढे चार वर्षे तुमच्या बोईसरच्या कचेरीत कागदपत्रे सांभाळणारा माणूस. वय चौपन्न, शिक्षण बी.कॉम., राहणार बोईसर पश्चिम, सध्या नोकरी पुठ्ठ्याच्या खोक्यांच्या कारखान्यात, डिस्पॅच विभागात. नाव लिहीत नाही. ते तुम्हाला ठाऊक आहे, आणि गेल्या महिन्याभरात ते मला इतक्या कागदांवर लिहावे लागले की आता ते दुसऱ्याच कुणाचे वाटते. या पत्राचा हेतू तक्रार नोंदवणे हा आहे आणि तक्रार तुमच्याविरुद्ध आहे. तुम्हाला जाऊन तेरा वर्षे झाली, म्हणून तिची मुदत संपली असे मी मानत नाही.

पहिल्याच तासाला तुम्ही फळ्यावर एक कोरा अर्ज काढला होता. दहा-बारा रकाने, त्यांतला एक मुद्दाम रिकामा. "रकाना रिकामा सोडणारा माणूस एक तर आळशी असतो, नाही तर काही लपवत असतो," असे तुम्ही म्हणालात. "लागू नसेल तर 'लागू नाही' असे लिहा. पण लिहा." बाकीच्या मुलांनी ते परीक्षेपुरते लक्षात ठेवले. मी त्यावर आयुष्य काढले. माझे वडील घाटावरून इथे कारखान्यात कामाला आलेले. आमच्या घरात कुणी अर्ज भरलेला नव्हता, भरून घेतलेला होता. एखादी गोष्ट पूर्ण आणि अचूक लिहिली की माणूस सुरक्षित असतो, हे मला तुम्ही शिकवलेत. सर, ते खोटे आहे. आणि तुम्हाला ते खोटे असल्याचे माहीत होते की नाही, एवढे एकच मला आज कळत नाही.

तुम्ही महाविद्यालय सोडलेत, स्टेशनच्या पश्चिमेला एका कापडाच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत कचेरी थाटलीत आणि मला बोलावून घेतलेत. पाटीवर आंतरराष्ट्रीय व्यापार असे लिहिलेले. मुख्य कार्यालय दूरच्या एका बंदराच्या शहरात; मी ते फक्त पत्राच्या मथळ्यावर पाहिले. आपले काम इतकेच, की औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यांतून रंगांचे आणि रसायनांचे नमुने गोळा करायचे, काचेच्या छोट्या बाटल्यांत भरायचे, लेबल लावायचे, 'नमुना, व्यापारी मूल्य नाही' असा शिक्का मारायचा आणि कुरिअरने पाठवून द्यायचे. चार वर्षांत शेकडो बाटल्या गेल्या. मागणी एकही आली नाही. एक ड्रम नाही, एक पोते नाही. मी विचारले तर तुम्ही म्हणायचात, "बाजार चाचपतायत ते. घाई कशाला?" वर्गात शुद्ध बोलणारे तुम्ही कचेरीत किनाऱ्यावरच्या आपल्या गावचे होऊन जायचात. बाटल्यांची लेबले मी पट्टी लावून चिकटवत असे, ते बघून हसायचात. "काय नमुना हाय रे तू! बाटलीपेक्षा तुलाच पाठवायला पायजे तिकडं."

बँकेत सही देण्याचा प्रश्न आला तेव्हा तुम्ही मलाच पुढे केलेत. तुमची सही दरवेळी वेगळी येई. "तुझी छापल्यासारखी येते," म्हणालात, आणि बँकेच्या कार्डावर मी तीन वेळा नमुना सही केली. त्या दिवसापासून कंपनीच्या प्रत्येक कागदावर माझी सही आहे. तुमची एकाही कागदावर नाही. हे मी मागच्या महिन्यात मोजले.

बाटल्यांखेरीज दर महिन्याला एक अहवाल जात असे. मथळा 'स्थानिक परिस्थिती'. कोणता कारखाना बंद, वीज कधी गेली, किनाऱ्यावरच्या नवापूरहून किती होड्या बाहेर पडतात, अणुशक्ती केंद्राच्या पाळीला कामगारांच्या किती बसगाड्या जातात, कंत्राटी माणसे कोणत्या गावांतून येतात. मजकूर मुख्य कार्यालयाने छापून पाठवलेल्या नमुन्यात भरायचा. तुम्ही लाल शाईने कच्चा कागद लिहायचात, मी तो टंकून ई-मेलने पाठवायचो आणि छापील प्रत फाइलला लावायचो. रंग विकत घेणाऱ्याला बसगाड्या कशाला हव्यात, हा प्रश्न मी विचारला नाही. 'पडला नाही' असे लिहीत नाही. विचारला नाही.

तिसऱ्या वर्षाच्या अखेरीस मी तुमच्यासमोर कागद ठेवला. "सर, इथे बसगाड्या अकरा लिहिल्या आहेत. आमच्या नाक्यावरूनच त्याहून जास्त जातात."

"असू दे."

"आणि होड्याही अकराच आहेत. गेल्या महिन्यातही अकरा होत्या."

"मग? वाढल्या नसतील."

"सर, चुकीचा आकडा कसा पाठवायचा?"

तुम्ही चष्मा काढलात. "तू घाटावरचा ना, तुला सगळं मोजून लागतं. तिकडून कोण येतोय रे मोजायला? जेवढं लिवलंय तेवढं टंक. जास्ती अचूक व्हायचं नाय." रकान्याचा धडा शिकवणारा माणूस मला हे सांगत होता. मी अकरा टंकले.

त्यानंतर मुख्य कार्यालयाचा एक पाहुणा आला. उंच, मितभाषी, हिंदी समजणारा. तुम्ही त्याला घरी जेवायला नेलेत, मलाही बोलावलेत. काकूंनी पापलेट तळले होते, वाडीतले चिकू कापून ठेवले होते. तुम्ही माझ्या खांद्यावर हात ठेवून त्याला म्हणालात, "ये हमारा नमूना है. इसको बोलो थोडा, तो ये पूरा माप के लाता है." पाहुणा हसला. दारात उभा असलेला ड्रायव्हर हसला. काकूही हसल्या, पण त्यांनी पदराने तोंड झाकले. मग पाहुण्याने विचारले, "क्या मापता है?" आणि तुम्ही क्षणही न दवडता म्हणालात, "चीकू." त्यावर पुन्हा सगळे हसले. माझ्या ताटातला मासा थंड झाला.

पुढच्या सोमवारी सकाळी मी वही घेऊन नाक्यावर उभा राहिलो. सलग चार दिवस, प्रत्येक पाळीला. रविवारी नवापूरला जाऊन होड्या मोजल्या. कामगारांची गावे बसवाल्यांना विचारून लिहिली. वाणगाव, मासवण, पार डोंगराकडचे पाडेसुद्धा. तुमचा लाल शाईचा कागद बाजूला ठेवला आणि माझे आकडे घालून अहवाल पाठवला. तुमच्या कागदावर अकरा, माझ्या कागदावर बरोबर. पुढच्या महिन्यातही तेच केले.

दोन महिन्यांनी मुख्य कार्यालयाचे पत्र आले. अहवालाचा दर्जा लक्षणीय सुधारल्याबद्दल अभिनंदन, आणि माझ्यासाठी डबीत एक पेन. पत्र तुम्ही उभ्यानेच वाचलेत. मला वाटले होते की तुम्ही ओरडाल. तुम्ही खुर्चीत बसलात आणि पत्राची घडी घातलीत. "कोणी सांगितलं होतं तुला शहाणपण करायला?" एवढेच म्हणालात. मग अगदी हळू, "आता दर महिन्याला बरोबर द्यावं लागणार." त्यानंतर तुम्ही मला नमुना म्हणाला नाहीत. लाल शाईचा कागदही दिला नाहीत. वर्षभर अहवाल मीच भरला. मग एका दुपारी वाडीत झाडाखाली तुम्ही बसलात ते उठला नाहीत. तुमच्या तेराव्याच्या आत कचेरीची पाटी उतरली, ई-मेल बंद झाला, आणि मुख्य कार्यालयाचा फोन कुणीच उचलेना.

माझी मुलगी इंजिनिअर झाली. गेल्या वर्षी तिची अणुशक्ती केंद्रात निवड झाली. नेमणूक पोलीस पडताळणीवर अवलंबून. त्या नमुन्यात 'वडिलांचा व्यवसाय' असा एक रकाना होता, बोटभर. मी 'सोबत जोडले आहे' असे लिहून दीड पानांची पुरवणी जोडली, माझ्या सगळ्या नोकऱ्यांची, रुजू झाल्याच्या वारासह. मुलगी म्हणाली, "बाबा, एवढं कोण विचारतंय? नोकरी असं लिहा आणि सोडा ना." मी तिला तुमचे वाक्य ऐकवले. आळशी, नाही तर लपवणारा.

पाच महिने तिचे काहीच आले नाही. बरोबरीची मुले रुजू झाली. ती रोज टपालाची पेटी उघडायची आणि मला काही विचारायची नाही. तिचे ते न विचारणे मला सहन होत नव्हते. मग मला पालघरला पोलीस कार्यालयात बोलावण्यात आले. अधिकारी बाई माझ्याहून वीस वर्षांनी लहान, बोलायला सौम्य. समोर माझी पुरवणी. "काका, तुम्ही हे स्वतःहून लिहिलंत? ज्या कंपनीचं नाव आम्ही शोधत होतो, ते तुम्ही सुवाच्य अक्षरात जोडपत्रात दिलंत." मग त्यांनी सांगितले की ती कंपनी व्यापाराच्या आडून कुणासाठी तरी माहिती गोळा करत असावी, असा संशय आहे. "पुरावा नाही. नक्की कोणासाठी, तेही सांगता येत नाही. पण नमुन्यांशिवाय काहीच न पाठवणारी व्यापारी कंपनी तुम्ही कधी पाहिलीये?" मी पाहिली होती, सर. तिच्यात चार वर्षे काम केले होते.

त्यांच्या टेबलावर आपल्या अहवालांच्या फाइली होत्या. घरी चौकशीला आलेल्या पोलिसांना काकूंनी चहा दिला, चिकू दिले आणि त्या फाइलींची माळ्यावरची ट्रंकही दिली. "पहिली तीन वर्षं निव्वळ कचरा आहे," बाई म्हणाल्या. "बसगाड्या अकरा, होड्या अकरा, गावं अकरा. या गृहस्थांना दुसरा आकडा येत नव्हता का? आणि मग एका महिन्यापासून सगळं बिनचूक. काका, कोणी बदललं हे?"

"आठवत नाही."

"तुम्हाला? रुजू झाल्याचा वार आठवतो आणि हे आठवत नाही?" "मग तुमच्या सरांनीच बदललं असणार. ते तर वारलेत, त्यांना आता काय होणार आहे. तसं लिहू?"

मी म्हणालो, "लिहा."

जबाबावर सही केली. त्यांनी ती बँकेच्या जुन्या कार्डाशी ताडून पाहिली आणि हसून म्हणाल्या, "तंतोतंत आहे हं, काका." गेल्या गुरुवारी मुलीच्या नेमणुकीचे पत्र आले.

आता माझी तक्रार. तुम्ही आळशी होता की काही लपवत होता? ते लोक कोण आहेत हे तुम्हाला उमगले होते आणि तुम्ही जाणूनबुजून त्यांना अकरा-अकरा खाऊ घालत होता, की तुम्हाला खरोखरच उठून मोजण्याचा कंटाळा होता? दोन्हींपैकी काहीही असो, तुम्ही मला सांगायला हवे होते. एक वाक्य पुरले असते. बाजूला घेऊन म्हणाला असतात, की बाळा, हे आकडे चुकीचेच जायला हवेत. मी जन्मभर गप्प राहिलो असतो. ज्या विद्यार्थ्याला तुम्ही पूर्ण लिहायला शिकवलेत, त्याच्यापासून नेमका तोच एक रकाना रिकामा ठेवलात. पाहुण्यासमोर हसायला माणूस चालला, सही करायला चालला, विश्वासात घ्यायला चालला नाही. मी तुम्हाला याबद्दल क्षमा करत नाही. तुम्ही देशद्रोही असतात तर मला राग सोपा गेला असता. तुम्ही सज्जन असलात तर मात्र मी काय केले, हे मला बघावे लागते.

आज सकाळी मुलीला नाक्यावर सोडायला गेलो. ती केंद्राच्या बसमध्ये चढली, खिडकीतून हात हलवला. येत्या रविवारी ती पेढे घेऊन काकूंकडे जाणार आहे; म्हणते, "सर नसते तर तुम्ही शिकला नसतात, बाबा." मी हो म्हणालो. बस वळून गेली आणि माझ्या लक्षात आले की तोवर मी गाड्या मोजत उभा होतो.

हे पत्र कुठे पाठवायचे नाही, म्हणून जे जबाबात लिहिले नाही ते इथे लिहितो. आकडे मी बदलले. मला पूर्ण आठवते. आणि ते अचूकतेसाठी बदलले नव्हते, सर. बसगाड्या कशासाठी हव्या असतील, हे त्या जेवणाच्या दिवशी माझे मोजणे पाहुण्यापासून लपवून तुम्ही "चीकू" म्हणालात तेव्हाच मला अर्धे कळले होते. तुम्ही मला त्या पाहुण्यासमोर नमुना म्हणालात आणि काकू हसल्या, म्हणून बदलले.

खालची सही कार्डावरच्या नमुन्याशी जुळणार नाही. आज ती तुमच्या सहीसारखी वेगळी आली.

(सही)
तुमचा विद्यार्थी

ठिकाण : बोईसर
दिनांक :