शून्यापुढची माणसं

आई, तुझ्या खानावळीतलं रिकामं ताट परवा मला वाचनालयाच्या कॉम्प्युटरवर दिसलं. हसू नकोस. निवृत्त झाल्यापासून मी गिरगावातल्या एका वाचनालयाचं काम बघते. ज्यांना जिने उतरवत नाहीत अशा सभासदांना आम्ही पुस्तकं घरी पोचवतो. आमचे कार्यवाह वयाने माझ्या मुलासारखे, पण घाई अशी की उद्या जग बुडणार आहे. म्हणाले, "मॅडम, या महिन्यात कोणी किती पुस्तकं घेतली ती यादी काढा. ज्यांची नावं येणार नाहीत त्यांची सेवा बंद. उगाच पिशवी कशाला फिरवायची?"

नोकरीभर मी डेटाबेसमधून अशाच याद्या काढत आले. ही यादी दोन तऱ्हांनी निघते. 'फक्त या महिन्याची पुस्तकं' अशी चाळणी आधीच लावली, तर ज्यांनी पुस्तक घेतलं नाही ती माणसं यादीत उरतच नाहीत, जणू कधी सभासदच नव्हती. तीच अट बेरजेच्या पोटात घातली, म्हणजे पुस्तक या महिन्यातलं असेल तर एक धर, नाहीतर शून्य धर, की सगळी नावं राहतात. कुणापुढे चार, कुणापुढे शून्य. मी दुसरी तऱ्हा वापरली. कार्यवाह वैतागले. "ही शून्यं कशाला दाखवता?" म्हटलं, "त्यांच्यापुढे माणसं आहेत म्हणून. बंद करण्याआधी त्यांची दारं वाजवा. तुम्हाला वेळ नसेल तर मी जाते."

हे मला माझ्या कॉन्व्हेंट शाळेतल्या सिस्टरनी शिकवलेलं नाही. अजून दिसतं, लालबागच्या आपल्या खोलीत तुझ्या खानावळीची पंगत उठते आहे. मी शाळेचा गणवेश न बदलताच वाढते आहे. जेवायला येणारे गिरणी कामगार हात धुवायला गेले, एक ताट मात्र तसंच कोरडं. मी ते उचलायला वाकते, तर तू हातातल्या डावानेच मला अडवतेस.

"ठेव ता थंयच."

"अगं, तो आलाच नाही. एक माणूस कमी."

"जेवूक इलो नाय म्हणान माणूस कमी जाता? जा, बघून ये."

मी तणतणत त्याच्या खोलीवर गेले. तो तापाने फणफणत, कांबळ्यात गुरफटून पडला होता. तू पेज दिलीस, आणि ती घेऊन पुन्हा मलाच पिटाळलंस. परत आले तरी ते ताट जागेवरच होतं.

तर काल मी खोताच्या वाडीत गेले. यादीतल्या शून्यापुढच्या एक बाई तिथे एकट्या राहतात. दार उघडून आधी पिशवीकडे बघितलं, मग माझ्याकडे. चष्म्याची काच फुटली होती. कुणाला सांगायचं म्हणून गप्प बसल्या होत्या. "मला वाटलं, तुम्हीच विसरलात." मी चांगलं झापलं त्यांना. मग चष्मा दुरुस्तीला घेतला आणि आणलेल्या पुस्तकातली चार पानं तिथेच वाचून दाखवली. संध्याकाळी कार्यवाहांना सांगितलं, तर त्यांनी यादी पुन्हा उघडून शून्यं मोजली. मग म्हणाले, "सेवा बंद नको. यापुढे शून्यवाल्यांकडेच आधी जाऊ."

हे पत्र कुठे पाठवायचं नाही, म्हणून तुला खरं सांगते. वाचनालयाची मीही सभासद आहे, आणि या महिन्यात मी मुद्दाम एकही पुस्तक घेतलेलं नाही; त्या यादीत माझ्यापुढेही शून्यच आहे. महिना संपत आलाय. रोज संध्याकाळी चहाला थोडं जास्तच दूध काढून ठेवते.