दारातला रॅम्प काढू नये

मी, ज्ञानोबा दामू पवळे, वय वर्षे एकोणपन्नास, केंद्र सरकारच्या नोकरीत, मूळचा लातूर जिल्ह्यातल्या औसा तालुक्यातला, सध्या राहणार वसुंधरा, गाझियाबाद, तळमजल्यावरच्या स्वतःच्या फ्लॅटमध्ये, लिहून ठेवतो की माझी बुद्धी ठिकाणावर आहे. पाय लहानपणीच पोलिओने गेले. पण मृत्युपत्रासाठी कायदा फक्त बुद्धी मागतो, ही त्याची मेहरबानी. सोमवारी माझ्या मणक्याची शस्त्रक्रिया आहे. डॉक्टर म्हणतात, काळजी करू नका. हे त्यांनी पुन्हा पुन्हा सांगितले, म्हणून आज सकाळची पूजा उरकून, कोणाच्याही दडपणाशिवाय, हे लिहायला बसलो. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही.

१) माझ्या देहाचे दहन करावे. ज्यांनी मला खुर्चीसकट उचलताना फोटो काढून घेतले, त्यांनी खांदा देऊ नये. त्यांचे पुण्य आधीच जमा झाले आहे.

२) सत्काराच्या शाली. दर वर्षी दिव्यांग दिनाला कार्यालयात माझा सत्कार होतो. व्यासपीठाला पायऱ्या असतात. म्हणून साहेब खाली उतरून मला शाल घालतात, आणि पुन्हा वर जाऊन माझ्या जिद्दीवर बोलतात. एका शालीच्या पैशात एक फळी आली असती, हे त्यांना माझ्याखेरीज अजून कोणी सांगितलेले नाही. मी सांगितले ते त्यांनी हसण्यावारी नेले. गावच्या शाळेला उंच ओटा होता. गुरुजींनी पहिल्याच दिवशी वर्ग खाली लिंबाच्या झाडाखाली आणला आणि शिकवायला लागले. माझ्याबद्दल एक शब्द बोलले नाहीत. त्या माणसाला कोणी शाल घातल्याचे मला आठवत नाही.

शाली माझी थोरली बहीण अलकनंदा, म्हणजे अक्का, हिने फरशी पुसायला घ्याव्यात. रेशमी आहेत त्या पाणी ओढत नाहीत; त्या बोहारणीला देऊन एखादे पातेले घ्यावे.

३) लोखंडी घडीचा रॅम्प. हा मी आमच्या मराठी मंडळाला देतो, आणि का देतो ते लिहिणे भाग आहे. मंडळाचा गणपती भाड्याच्या सभागृहात बसतो. दाराला पायऱ्या आहेत. मूर्ती जड, म्हणून आगमनाच्या दिवशी पायऱ्यांवर फळ्या टाकतात, गाडा ढकलतात, मोरया म्हणतात, आणि देव आत गेला की फळ्या काढून पायऱ्यांवर रांगोळ्या घालतात. मी आरतीला गेलो की पोरे मला उचलून नेत. चिटणीस राजीव यांना मी म्हटले, "फळ्या विसर्जनापर्यंत राहू द्या ना."

"अहो पवळेसाहेब, मग रांगोळी कुठे घालायची? आणि आम्ही आहोत की उचलायला!"

उचलणाऱ्याला बरे वाटते. उचलला जाणारा कोणाच्या सवडीने आत जातो आणि कोणाच्या सवडीने बाहेर येतो, हे उचलणाऱ्याला कळत नाही. पुढच्या वर्षी मी आरतीची वाट न पाहता आगमनालाच गेलो. मूर्तीचा गाडा फळ्यांवरून चढला, त्यामागोमाग माझी खुर्ची. मग फळ्या काढायला माणसे आली, त्यांना सांगितले, "खुशाल काढा. मी देवाबरोबर आलोय, देवाबरोबरच जाईन. तोवर इथेच."

सगळे हसले. दुपारी अक्का डबा आणि उशी घेऊन आली, तेव्हा हसायचे थांबले.

"काका, यार, ये क्या बात हुई," एक पोरगा म्हणाला. राजीव म्हणाले, "पवळेसाहेब, सणासुदीला शोभतं का हे?" मी माझा जप चालू ठेवला. संध्याकाळच्या आरतीआधी फळ्या परत पडल्या.

त्या फळ्यांवरून पहिली आत आली ती मी कधी न पाहिलेली एक मुलगी, हाताने चालवायच्या तीनचाकीवर. नाव प्रणिता, परभणीकडची, स्पर्धा परीक्षेसाठी दिल्लीत आलेली. त्याच्या आदल्या वर्षी ती चपलांच्या ढिगापाशी बसून बाहेरूनच हात जोडून गेली होती. तिला उचलावे असे कोणाच्या मनात आले नाही, कारण ती मंडळाची वर्गणीदार नव्हती. खोली तिसऱ्या मजल्यावर. जिना बसून, हातांवर जोर देत चढायची. अक्काने हे ऐकले आणि मला न विचारता म्हणाली, "सामान किती आहे तुझं?" तेव्हापासून ती आमच्याकडे राहते.

त्या वर्षी फळ्या राहिल्या. पुढच्या वर्षी पुन्हा रांगोळी. म्हणून हा लोखंडी रॅम्प मी करून घेतला. अट एकच: आगमनापासून विसर्जनापर्यंत तो मुख्य दारात राहील. देव आत गेल्यावर काढला, तर एक्झिक्युटरने तो त्याच दिवशी परत आणावा. रांगोळीसाठी अंगण भरपूर आहे.

४) माझा पुतण्या यतीन. हा गुरुग्रामला मोठ्या पगारावर आहे. त्याला गावातली माझ्या वाट्याची जागा देतो. फ्लॅट आपल्याला मिळेल असे तो धरून चालला आहे. दिवाळीत आला, तेव्हा दारात उभा राहून म्हणाला, "काका, हा रॅम्प काढला ना, तर इथे बिल्कुल एक गाडी बसते." मी त्याला म्हटले, "उंबऱ्यातून आत ये, मग बोल." तर विचारतो, "उंबरा म्हणजे?" दिल्लीत वाढला, त्याचा दोष नाही. पण जो कधी अडला नाही, त्याच्या हाती मी दार देणार नाही.

५) अक्का. भविष्य निर्वाह निधी, बँकेतली शिल्लक आणि देव्हारा अक्काला. तिने माझ्यासाठी सासरचे घर सोडले असे नातेवाईक म्हणतात. तिने ते स्वतःसाठी सोडले, आणि बरे केले. ती हयात असेपर्यंत याच घरात राहील. तिला कोणी हलवू नये.

६) फ्लॅट. हा स्वकष्टार्जित आहे. दारातला रॅम्प मी स्वखर्चाने बांधला. सोसायटीच्या कमिटीकडे अर्ज करत होतो आणि कमिटी विषय पुढे ढकलत होती. रॅम्पने इमारतीची शोभा जाते म्हणे. मग सगळी कमिटी बस करून वैष्णोदेवीला गेली. ते परत येईतो सिमेंट वाळले होते. मी याला देवीची कृपा मानतो; कमिटी काय मानते ते ठाऊक नाही. तेव्हापासून त्यावरून गॅसची टाकी जाते, बाळांच्या गाड्या जातात, चेअरमनसाहेबांच्या मातोश्री कठड्याला धरून रोज फिरायला जातात. एवढे असून मागच्या महिन्यात चेअरमनसाहेब प्रेमाने म्हणाले, "पवळेजी, आप जब तक हैं, कोई हाथ नहीं लगाएगा. बाद में तो ज़रूरत ही नहीं रहेगी ना."

मी विचारले, "और माताजी?"

"अरे, उनको तो हम पकड़ लेंगे."

म्हणजे इथेही उचलणारेच. गरज माझी एकट्याची आहे आणि ती माझ्याबरोबर जळेल, असा हिशेब आहे. तो चुकावा म्हणून मी हा फ्लॅट, अक्काचा राहण्याचा हक्क राखून, पूर्ण मालकीने प्रणिता हिला देतो. मालकीण रॅम्पवरून येत-जात असताना तो कोणाला अनावश्यक ठरवता येणार नाही. घर विकू नये अशी अट घालत नाही. आयुष्यभर दुसऱ्यांच्या अटींवर दारे ओलांडलेल्या माणसाला ते शोभत नाही.

७) या मृत्युपत्राची अंमलबजावणी, एक्झिक्युटर म्हणून, माझ्या कार्यालयातल्या सहकारी श्रीमती उत्तरा देवस्थळी यांनी करावी. त्यांनी कधी माझी खुर्ची न विचारता ढकललेली नाही.

प्रणिताला काल सांगितले. म्हणाली, "काका, लोक म्हणतील पोरीने घर लाटलं."

"म्हणतील. आधी यतीन म्हणेल."

"आणि पोस्टिंग दूर कुठे मिळालं तर?"

"भाडेकरू ठेव. जाहिरातीत लिही, तळमजला, दारात रॅम्प. किती जण फोन करतात बघ. पण आधी सांग, तुझा किती जगायचा विचार आहे?"

"चेअरमनसाहेबांपेक्षा जास्त."

अक्का आतून ओरडली, "तुम्ही दोघं आधी सोमवारचं बघा!"

वरील सर्व मजकूर मी स्वतः लिहिला, वाचला, आणि तो माझ्या मनासारखा आहे. साक्षीदारांना मी घरी बोलावले. ते दारातून सरळ आत आले.

मृत्युपत्र करणार: ज्ञानोबा दामू पवळे (सही)

श्री. पवळे यांनी आमच्यादेखत सही केली आणि आम्ही त्यांच्यादेखत. या मृत्युपत्रातून आम्हाला काहीही मिळणार नाही.

साक्षीदार:
१. सुधन्वा माधव लोणकर, लक्ष्मीबाई नगर, नवी दिल्ली (सही)
२. इंदुमती केशव बोडके, वसुंधरा, गाझियाबाद (सही)

स्थळ: गाझियाबाद
दिनांक: १४ नोव्हेंबर २०२५