सत्तावीस अल्बम, वजा चौदावा

५ जानेवारी २०२५, रविवार. सायं. ७.१०
आजपासून ही नोंदवही. उद्देश स्पष्ट असावा म्हणून प्रथम पार्श्वभूमी. हर्क फुर्टाडो, वय सत्त्याहत्तर, मूळ मडगावचा, आपल्या किनारपट्टीने जगाला दिलेला एकमेव अस्सल रॉक संगीतकार, याने निवृत्ती जाहीर केली. १९७१ ते २०२३, अल्बम सत्तावीस. मी आणि माझा शाळूसोबती अब्दुल ते सर्व क्रमाने ऐकून गुण देणार. दर रविवारी चार वाजता दोन अल्बम. स्थळ: मालवण बंदरावरच्या अब्दुलच्या जाळ्यांच्या दुकानाचा माळा.

कल्पना माझी. फोन अब्दुलने केला आणि प्रस्तावही त्यानेच मांडला, हे खरे. परंतु पद्धत माझी, आणि पद्धतीवाचून कल्पना म्हणजे नुसती इच्छा. पस्तीस वर्षे कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवल्याचा हा उपयोग. गुणविभागणी: रचना ३०, वादन ३०, शब्द २०, ध्वनिमुद्रण १०, पुनःश्रवणीयता १०.

आज क्रमांक १ आणि २. माझे गुण ६४ आणि ७१. अब्दुल आकडे द्यायला तयार नाही. पहिला अल्बम संपल्यावर म्हणाला, तारलो. ताजो, पण काटेच काटे. दुसरा बांगडा. मी आक्षेप नोंदवला. तो म्हणाला, ज्याला जे मोजता येते त्याने त्यात मोजावे.

एक किरकोळ मुद्दा. क्रमांक १४, 'लो टाइड रेडिओ', १९८८. कंपनीशी वाद झाल्याने हा अल्बम ॲपवर नाही. तो फक्त कॅसेटवर निघाला आणि फक्त आखातात विकला गेला. अब्दुलचा थोरला भाऊ रमीझ कुवेतला होता. त्याने ती कॅसेट अब्दुलला पाठवली, आणि दुसऱ्या बाजूला शेवटी उरलेल्या कोऱ्या फितीवर स्वतःच्या आवाजात निरोप भरला. त्या काळी कुवेतहून पत्रे अशीच यायची. रमीझ २००९ मध्ये गेला.

ती कॅसेट फेब्रुवारी १९९० पासून माझ्याकडे आहे. आठ दिवसांसाठी आणली होती.

ही वही माझ्याशिवाय कोणी वाचणार नाही. त्यामुळे येथे संपूर्ण सत्य लिहिता येते. उद्या लिहीन.

६ जानेवारी, सोमवार
आज वेळ मिळाला नाही.

१२ जानेवारी, रविवार
क्रमांक ३ (५८) आणि ४ (७७). अब्दुलचे मासे गुणांत बदलण्याचा तक्ता तयार केला. सुरमई ८५ च्या वर, सरंगा ७५ ते ८४, बांगडा ६० ते ७४, तारली त्याखाली. अब्दुलने तक्ता पाहून विचारले की मोरी खंय बसता. मोरीची, म्हणजे शार्कची, सोय केली नव्हती. पुढील आवृत्तीत.

निघताना त्याने कोपऱ्यातले फडके बाजूला केले. खाली त्याचा जुना टू-इन-वन. कुडाळहून बेल्ट आणून खास दुरुस्त करून घेतला आहे. सव्वीस अल्बम फोनवर ऐकायचे आणि एका कॅसेटसाठी हा खर्च. मी म्हटले, कशाला रे एवढे. तो म्हणाला, "चौदावी तुझ्याकडे आसा मां? बस झाला."

आहे, म्हटले. हे असत्य नाही. कॅसेट माझ्याकडे आहे.

१३ जानेवारी, सोमवार. सकाळी ११
संपूर्ण सत्य, मुद्देसूद.

१. फेब्रुवारी १९९० मध्ये मी मामाच्या गावी वालावलला दशावतार पाहायला गेलो. सोबत सेलवर चालणारा टेपरेकॉर्डर. लोककलेचे जतन, हा हेतू.
२. कोरी कॅसेट घ्यायची राहिली. पिशवीत अब्दुलची होती.
३. कंपनीच्या कॅसेटवर पुन्हा भरता येऊ नये म्हणून पाठीची दोन टिकल्यांची भोके उघडी ठेवलेली असतात. या कॅसेटच्या भोकांवर चिकटपट्टी होती. ती मी लावली नव्हती. निरोप भरता यावा म्हणून रमीझने लावली होती. म्हणजे सुरक्षाव्यवस्था पाठवणाऱ्याकडूनच निकामी झाली होती.
४. दोन्ही बाजू भरल्या. दुसऱ्या बाजूच्या वेळी मला मंडपात झोप लागली. जाग आली तेव्हा फीत थांबलेली होती, अर्थात संपलेली होती. त्यानंतर ती मी कधी लावली नाही.

मुद्दा ३ लिहिल्यावर बरेच हलके वाटले. दुपारी जेवण गेले नाही. पत्नी संचिताने विचारले, तर पित्त म्हणून सांगितले.

संकल्प: क्रमांक १४ येण्यापूर्वी अब्दुलला सर्व सांगणे. गणिताने ती तारीख १६ फेब्रुवारी. भरपूर अवधी.

२ फेब्रुवारी, रविवार
क्रमांक ९ आणि १०. हर्कचा सुवर्णकाळ. दहाव्या अल्बममध्ये ड्रम आणि बेस यांच्यात जाणूनबुजून ठेवलेले सूक्ष्म अंतर आहे, ते मी अब्दुलला टेबलावर बोटे वाजवून वीस मिनिटे समजावले. त्याला पटले. निदान तो बोलला नाही. दहाव्याला सुरमई मिळाली. माझे ८९. पहिल्यांदाच मासा आणि आकडा जुळले, दोघेही हसलो. चाळीस वर्षांपूर्वी याच माळ्यावर जाळ्यांच्या गठ्ठ्यावर पाय पसरून आम्ही हाच अल्बम ऐकला होता, तेव्हा रमीझ खाली गिऱ्हाईक सांभाळायचा आणि वर ओरडायचा की आवाज वाढवा, मलाही ऐकायचे आहे.

सांगायला हा क्षण उत्तम होता. म्हणूनच तो बिघडवला नाही.

पेनची शाई संपली. अब्दुलच्या गल्ल्यावरचे निळे पेन तात्पुरते घेतले.

१५ फेब्रुवारी, शनिवार
विचारांती लक्षात आले की कालक्रम ही अत्यंत बाळबोध पद्धत आहे. चौदावा अल्बम दुर्मीळ असल्याने त्याला इतर सव्वीसांच्या पार्श्वभूमीवर, शेवटीच ऐकले पाहिजे. संशोधनात याला नियंत्रण नमुना म्हणतात. साधारण असेच काहीसे म्हणतात.

१६ फेब्रुवारी, रविवार
क्रमांक १३ आणि १५. अब्दुलने कारण विचारले. मी आठ मिनिटे स्पष्टीकरण दिले. त्याने टू-इन-वनवर फडके परत घातले आणि म्हणाला, "शेवटाक तर शेवटाक. थांबाची सवय आसा माका."

पंधराव्याला किती गुण दिले ते लिहायचे राहिले. अल्बम ऐकल्याचेही नीट आठवत नाही. ७० धरू.

२३ फेब्रुवारी, रविवार
क्रमांक १६, १७. येत्या रविवारपासून रमजान. महिनाभर बैठका बंद. अब्दुलच्या उपासात व्यत्यय नको, हे मीच आग्रहाने सांगितले. तो म्हणाला, ऐकायला काय, कान उपाशी नसतात. मी ठाम राहिलो.

१० मार्च, सोमवार
महत्त्वाची घडामोड. हर्कच्या चाहत्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मी 'लो टाइड रेडिओ'ची चौकशी केली होती. वास्कोच्या एका संग्राहकाने संपूर्ण अल्बम पाठवला. आवाज स्वच्छ. शेचाळीस मिनिटे.

हिशेब: मूळ कॅसेटवर संगीत ४६ मिनिटे, रमीझ २ मिनिटे. एकूण ४८. म्हणजे नुकसानीपैकी ९५.८ टक्के मी भरून काढले. कोणत्याही परीक्षेत ही विशेष श्रेणी ठरेल.

संचिताला आज सर्व सांगितले. टक्केवारीही सांगितली. ती भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "तुमचे ते शंभरातले चार, तेच तेचो भाव रमीझ."

स्त्रियांना संख्याशास्त्र शिकवण्याच्या पद्धतीत मूलभूत सुधारणा हवी.

३१ मार्च, सोमवार. ईद
सकाळी अकरा वाजता अब्दुलकडे. शीरखुर्मा. संकल्प असा होता की ईदच्या दिवशी मन मोठे असते, तेव्हा आजच सांगावे. मुनिराभाभीने, म्हणजे अब्दुलच्या पत्नीने, दुसरी वाटी भरली आणि रमीझचा विषय काढला. दर ईदला तो कुवेतहून फोन करून सर्वांत आधी शीरखुर्म्यात काजू किती घातले ते विचारायचा. भिंतीवर त्याचे तीन फोटो आहेत. मी म्हटले, फोटो छान आहेत.

"फोटो शंभर आसत, मास्तर," ती म्हणाली. "आवाज खंय आसा?"

मग स्वतःच उत्तर दिले की मास्तरांकडे आहे. अब्दुल मला शाळेपासून गुरू म्हणतो, आणि तिला रोज एकदा तरी ते ऐकवतो म्हणे: गुरूकडे आहे, म्हणजे जपूनच असणार, तो टाचणीसुद्धा टाकत नाही.

तिसरी वाटी घेतली. नाही म्हणता आले नाही. कोणत्याच गोष्टीला.

२० एप्रिल, रविवार
क्रमांक २२, २३. हर्कचा उतारकाळ. गुण देताना मी फार उदार झालो आहे असे अब्दुलचे निरीक्षण. तेविसावा ९१? त्याने विचारले. त्याच्या मते तो सुक्या सुंगटाचा, म्हणजे कोळंबीचा, भुगा. मी म्हटले, माणसाने चुकांकडे क्षमाशील दृष्टीने पाहावे. तो चहा आणायला गेला.

४ मे, रविवार. सायं. ६.३०
क्रमांक २६ आणि २७ संपले. सव्वीस अल्बम. वही उघडून सरासरी काढू लागलो तर अब्दुलने वही मिटली.

मी वास्कोची फाइल बाहेर काढली. अगदी सहज सुरात सांगितले की चौदावा आता डिजिटल स्वरूपात उपलब्ध झाला आहे, कॅसेटपेक्षा कितीतरी सुस्पष्ट. तेव्हा जुन्या फितीचा आग्रह अशास्त्रीय ठरेल. पहिले गाणे लावलेही. अब्दुलने अर्धे ऐकले आणि फोन उलटा ठेवला.

"गाणी रवांदेत रे. गाण्यांसाठी कोण सव्वीस आयकता? माका हर्क तितको आवडत पण नाय. फुडच्या रविवारी टेप हाड."

म्हणजे चार महिने हा माणूस मासे सांगत बसला तो केवळ रांगेत उभा होता म्हणून. मी मात्र त्याला ड्रम आणि बेसमधले अंतर समजावत होतो.

संकल्प: पुढच्या रविवारी, जिना चढण्यापूर्वीच सांगणे.

१० मे, शनिवार
ट्रंकेतून कॅसेट काढली. लेबल अजून मूळचेच. त्यावर रमीझचे बारीक अक्षर: 'अब्दुल, शेवटपर्यंत ऐक'.

पर्यायी स्पष्टीकरण तयार केले आहे. खारी हवा, आर्द्रता, चुंबकीय कणांचा ऱ्हास. तिन्ही गोष्टी शास्त्रीयदृष्ट्या खऱ्या आहेत. फक्त घडलेल्या नाहीत.

११ मे, रविवार. सायं. ७
क्रमाने लिहितो.

निघताना संचिताने विचारले, "आज तरी सांगतल्यात?" हो म्हटले. जिना चढण्यापूर्वी दुकानात गिऱ्हाईक होते. जिना चढताना धाप लागली. वर मुनिराभाभी आधीच येऊन बसली होती, डोक्यावर नीट ओढणी घेऊन, पाहुणे येणार असल्यासारखी. मी म्हणालो, "अब्दुल, आपल्याकडच्या हवेतील आर्द्रतेचे प्रमाण..." तोवर त्याने माझ्या हातातून कॅसेट घेतली, पेन्सिलीने फीत ताणली आणि आत सरकवली.

हार्मोनियम. मग पखवाज. मग वालावलचा मंडप, पोरांची कुजबूज, आणि संकासुर राक्षसाची गर्जना.

मुनिराभाभीने अब्दुलकडे पाहिले. अब्दुलने यंत्राकडे पाहिले. मी सर्व सांगितले. मुद्दे १ ते ४. मुद्दा ३ वगळला. तेवढे आज जमले.

मी यंत्र बंद करायला हात पुढे केला, तेव्हा अब्दुल एवढेच म्हणाला, "गप रव. लिवल्यान हा, शेवटपर्यंत ऐक."

पहिली बाजू संपूर्ण ऐकली. त्याने कॅसेट उलटली. दुसऱ्या बाजूला दहाव्या मिनिटापासून राक्षसाचा आवाज चढू लागला. पुढे तो चिमणीसारखा चिवचिवू लागला, आणि पखवाज म्हणजे पत्र्यावर पडणारे चिंचोके. मुनिराभाभीला ओढणी तोंडाला लावावी लागली. मला कारण तत्काळ कळले: सेल उतरत गेले की मोटर मंदावते, मंद गतीने भरलेला आवाज नेहमीच्या गतीने वाजवला की जलद आणि बारीक ऐकू येतो. म्हणजे फीत संपून थांबली नव्हती. सेल संपून थांबली होती. झोपेतून उठलेल्या भौतिकशास्त्राच्या प्राध्यापकाने हे तपासले नाही. हे मी मोठ्याने समजावू लागणार, तोच एक चिवचिवाट झाला, खट्, आणि गिटार. हर्क. चौदाव्या अल्बमचे शेवटचे गाणे, शेवटचे मिनिट. मग शांतता.

मग कुणीतरी खोकले.

रमीझ. संपूर्ण, दोन्ही मिनिटे. अम्माला सांग मी बरा आहे. इकडे मासे बेचव. दुकानाच्या मागच्या दाराला कडी लाव. मुनिराला सांग, काजू पाठवतो. मुनिराभाभी फितीतल्या आवाजाला हळूच हो म्हणाली. अब्दुल यंत्रावर वाकला होता, कपाळ जवळजवळ टेकलेले. आणि अगदी शेवटी रमीझ म्हणाला:

"आणि आयक. ही टेप त्या गुरूक दिव नको हां. तो मागतलो. तेच्याकडे गेल्ली वस्तू परत येणा नाय."

फीत संपली. या वेळी खरोखर.

अब्दुलने ती मागे नेऊन पुन्हा लावली. एकूण सात वेळा. चौथ्या वेळेपासून तो शेवटच्या वाक्याला हसू लागला, डोळे पुसत. "तेना तुका बरोबर वळाखल्यान," म्हणाला. मी मासा विचारला नाही. त्याने सांगितला नाही.

१२ मे, सोमवार. सकाळी १०
टेप त्याच्याकडेच राहिली. पस्तीस वर्षे तीन महिन्यांनी.

रमीझच्या विधानाला माझा तात्त्विक आक्षेप आहे. एका उदाहरणावरून सार्वत्रिक नियम काढता येत नाही. हे सिद्ध करण्यासाठी सकाळी कपाट उघडले. अब्दुलच्या वस्तू: छत्री, बॅडमिंटनची रॅकेट, जगाचा नकाशा, डबा (मुनिराभाभीचा, झाकणासह). संचिता म्हणाली, आपल्या माळ्यावरचे अजून बघितले नाही.

प्रकल्पाचा समारोप करणे आवश्यक आहे. तक्त्यात फक्त चौदावी ओळ रिकामी. प्रामाणिक गुण द्यायचे, असे ठरवून वही उघडली आणि ही नोंद लिहिली. लिहिता लिहिता हाताकडे लक्ष गेले.

पेन निळे आहे. अब्दुलच्या गल्ल्यावरचे.