डावा अंगठा

प्रफुलभाऊ,

काल वहिनी भाजीचा डबा घेऊन आली. डब्याखाली हक्कसोडीचा कागद होता. म्हने, "कचेरीत सहीसंगं डावा अंगठाबी लागते, बाई." तो अंगठा असा कसा झाला, हे तिले ठाऊक नसंन. तुले तर ठाऊक आहे.

तुह्या कडबाकुट्टीच्या मशीनीत माहा हात होता अन् बटन तू दाबलं. चंद्रपूरच्या डॉक्टरले मी सांगितलं, माहीच चूक झाली. अंगठ्याचं हाड उघडं पडलं होतं. त्यायनं मधल्या बोटाच्या बाजूची कातडी, मांसासकट, शिरेसकट, तळहाताखालून ओढून अंगठ्यावर बसवली. आता अंगठ्याले हात लावला का मधलं बोट झिनझिनते. डॉक्टर म्हनतात, डोक्याले हे समजाले महिने लागतीन.

मले एका जागी बसवत नाई. उठते, अंगठा दाबून पाहते, पुन्हा बसते. हे पत्र सकाळपासून तीनदा त्या रिकाम्या डब्यात टाकलं अन् तीनदा काढलं. वहिनी डबा न्याले येऊनच राह्यली असंन.

तुह्या कोरपन्याहून माहं राजुरा किती दूर आहे, भाऊ? दोन महिन्यांत एकदा येऊन "दुखते का, बाई?" एवढं विचारलं असतं, तर बाबाच्या वावरातला माहा हिस्सा मी कागद न वाचता सोडला असता.

आता वहिनीले धाडू नको, सोता ये. अंगठा लावनार नाई मी. दाखवीन.

तुही बहीन,
करिष्मा