तुमचाच आवाज, माझ्या फोनमध्ये

सर,

माझा तुमच्यावरचा राग अजून गेलेला नाही. तुम्ही जाऊन कितीतरी वर्षं झाली, आपल्या बियाण्याच्या कंपनीची नवी इमारत उभी राहिली, तुमच्या खुर्चीवर आता मी बसते, आणि तरीही कपाशीच्या रोपांचा रोल उलगडताना अधूनमधून तुमचं ते पाठमोरं उभं राहणं आठवतं आणि जबडा आवळला जातो. मला वाटायचं, माणूस गेला की राग आपोआप सैल पडत असेल. तसं झालं नाही. म्हणून एकदा सगळं लिहून काढायचं ठरवलं. तुम्हाला उलट बोलता येणार नाही हे मला ठाऊक आहे, आणि खरं सांगायचं तर ते मला बरंच वाटतं.

मी लॅबमध्ये आले तेव्हा दोन लेकरांची आई होते, बारावी शास्त्र शिकलेली, आणि शिकायची हौस अजून जिवंत असलेली. काम तसं साधं दिसायचं. बियाण्याच्या प्रत्येक लॉटमधून थोडं बी घ्यायचं, ओल्या जाड कागदावर ओळीने मांडायचं, कागदाची गुंडाळी, आमच्या भाषेत रोल, करून उबदार कपाटात उभी ठेवायची, आणि काही दिवसांनी उलगडून मोजायचं. उगवलं किती, त्यातली चांगली रोपं किती, बाद किती. त्यावर लॉट बाजारात जायचा किंवा अडायचा. भिजवणं, मांडणं, गुंडाळणं हे आम्हा आठ बायकांचं. चांगलं काय आणि बाद काय हे ठरवणं एकट्या तुमचं. तुम्ही रोल घेऊन खिडकीशी जायचात, आमच्याकडे पाठ करायचात, आणि आकडा तेवढा मागे टाकायचात. मी एकदा विचारलं, "सर, हे सरळ रोप बाद का?" तुम्ही वळलासुद्धा नाहीत. म्हणालात, "लिही म्हटलं ना. तुला पगार लिहायचा मिळतो, विचारायचा न्हाई."

तुमचा चहाचा कप आम्ही आळीपाळीने विसळायचो. एक दिवस माझी पाळी होती आणि तुम्ही खुशीत होतात. म्हणालात, "मी विद्यापीठात माझ्या सरांचे कप पाच वर्षं विसळले, तवा कुठं त्यांनी मला रोपाकडं बघू दिलं. फुकट काहीच मिळत न्हाई." मी ते खरं मानलं. मोजून तितकी वर्षं मी तुमचा कप विसळला, सर, वरून एक वर्ष जास्तीच. तुम्ही मला काय दिलंत? मी घरच्या वहीत आठवणीने रोपांची चित्रं काढायचे, खाली लिहायचे, हे सरांनी घेतलं, हे टाकलं. ती वही तुम्हाला माझ्या पिशवीत दिसली. तुम्ही पानं फाडलीत आणि सगळ्यांसमोर रोल भिजवायच्या टबात बुडवलीत. "कंपनीची माहिती घरी नेऊन राह्यली ही," म्हणालात. शाई पाण्यात पसरत होती आणि मी तिथेच उभी होते. माझी वही फाडली याचा राग मी कदाचित गिळलाही असता. पण अंबडवालीचं काय?

ती आमच्या आठ जणींतलीच, रोज अंबडहून एसटीने यायची. नवरा वारलेला, घरी सासू आणि एक मुलगी. तुमच्या रजेच्या आठवड्यात मोजणी तिच्याकडे आली. जाताना दारात तिने तुम्हाला विचारलं होतं, मी शेजारीच होते. "सर, बाद कसं वळखायचं त्ये येकदा सांगून जा की." तुम्ही चप्पल घालत म्हणालात, "उगवलं त्ये मोज. बाकी डोकं चालवू नको." तिने उगवलं ते मोजलं. कपाशीच्या बियांवरची बारीक रुई तेजाबाने जाळून काढतात, आणि त्या लॉटला तेजाब जास्त लागलं होतं. कागदावर रोपं उगवली, सरळ दिसली, शेतात मात्र माना टाकून बसली. अंतरवालीकडचे शेतकरी वाळलेली रोपं फडक्यात बांधून फाटकावर आले होते. मालकांनी तुम्हाला विचारलं. तुम्ही रिपोर्ट पुढे केलात, अक्षर तिचं होतं. "बायांच्या हाती काम दिलं की असंच होतं," एवढंच म्हणालात. ती म्हणत राहिली, "सर, तुम्हीच सांगितल्तं ना." तुम्ही खिडकीबाहेर बघत होतात. दुपारच्या एसटीने ती घरी गेली ती परत आली नाही. मी तेव्हा काही बोलले नाही. माझीही दोन लेकरं होती.

मग मोबाइल आले. आधी मालकांकडे, मग शेतावरच्या सुपरवायझरांकडे, आणि दोन हजार पाच-सहाच्या सुमारास माझ्या भावाने त्याचा जुना कॅमेऱ्याचा फोन मला दिला. मी पहिला फोटो माझ्या लेकरांचा काढला नाही, रोपाचा काढला. अगदी धूसर आला. जवळ नेला की नुसता पांढरा डाग. आठवडाभर मी झगडले, आणि एका दुपारी सहज लॅबमधलं भिंग कॅमेऱ्यापुढे धरलं, तर मुळावरची लवसुद्धा दिसली! काळ्या कापडावर रोप, वर भिंग, वर फोन. तुम्ही जेवायला घरी जायचात त्या तासाभरात मी तुम्ही बाद केलेली रोपं टोपलीतून काढायचे आणि फोटो घ्यायचे. तुम्ही फाडलेली वही मी पुन्हा भरत होते, फक्त या वेळी ती टबात बुडवता येणार नव्हती. चित्रं जमली, पण कारण कळेना. कारण तुमच्या पोटात होतं.

ते बाहेर पडलं बाहेरगावच्या तपासणी अधिकाऱ्यांसमोर. त्यांना तुम्ही किती गोड समजावून सांगायचात, सर! आम्हाला बाहेर काढायचात, दार लोटायचात, आणि मग तासभर तुमचा आवाज. त्या दिवशी चहा द्यायला मी आत आले. फोनवर रेकॉर्डिंग सुरू केलं आणि ट्रे ठेवताना तो कागदांच्या गठ्ठ्याआड सरकवला. तुम्ही म्हणत होतात, "साहेब, रोप कितीही सरळ दिसू द्या. मुळाचं टोक बघायचं. तपकिरी आणि आखूड असलं की समजायचं, तेजाबानं भाजलंय. ते बाद. ते शेतात उभं राहणार नाही." मग आणखी दहा-बारा गोष्टी, एकामागून एक, कुठल्याही माणसाला कळतील अशा. रिकामे कप उचलायला गेले तेव्हा फोनही उचलून आणला.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत डबे बाजूला सारून सहा जणी माझ्याभोवती बसल्या. मी फोन मध्ये ठेवला. तपकिरी टोकाचं वाक्य आलं तशी आमच्यातली सगळ्यात वयस्कर बाई म्हणाली, "थांब. पुन्यांदा लाव." मी पुन्हा लावलं. तिचा घास हातातच राहिला. "येवढंच व्हतं व्हय? येवढ्यासाठी त्या अंबडवालीचं वाटोळं केलं?" त्या दिवसापासून आमची शाळा सुरू झाली. आवाज ऐकायचा, फोटो बघायचा, टोपलीतलं रोप हातात धरून पडताळायचं. दोघींनी नवऱ्यांचे फोन मागून आणले, ब्लूटूथने फोटो घेतले. एकीचा नवरा रात्रभर घुश्शात, "हे कसले फोटो, कुणी धाडले?" तिने त्यालाच बसवून मुळाची टोकं ओळखायला लावली. म्हणाली, "मंग गप झाला. दहातली नऊ बराबर वळखली त्यानं." चार महिन्यांत आम्ही सातही जणी रोल वाचायला लागलो होतो. तुम्हाला चार महिने काहीच कळलं नाही, कारण तुम्ही आमच्याकडे कधी बघतच नव्हतात.

एका रविवारी मी अंबडला गेले. ती बाजारात मिरच्या आणि कोथिंबीर घेऊन बसली होती. मी तिच्या पोत्यावर बसले आणि फोन तिच्या कानाशी धरला. तिने ऐकलं, हात पुसले, फोन स्वतःच्या हातात घेऊन पुन्हा ऐकलं. म्हणाली, "बाई, माझी सासू मरस्तोवर मला म्हनत गेली, तुला अक्कल न्हाई म्हणून काम गेलं." मी म्हटलं, मालकांशी बोलते, परत चल. तिने मान हलवली. "मला न्हाई यायचं तिथं. पन त्याला येकदा हे ऐकव. सगळ्यांसमोर ऐकव." मी तिला शब्द दिला.

तोवर तुमच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. तुम्ही लपवत होतात, पण कप ठेवताना टेबलाची कड चाचपायचात ते मी पाहिलं होतं. एखादी चांगली बाई असती तर तिने हळूच सांगितलं असतं, सर, डोळे दाखवा. मी थांबून राहिले. मालक दोन मोठी गिऱ्हाइकं घेऊन लॅब दाखवायला आले त्या दिवशी कपाटातून कुठला रोल काढायचा हे माझ्या हातात होतं. तेजाब जास्त लागलेल्या लॉटचा रोल मी काढला आणि तुमच्यापुढे उलगडला. तुम्ही वाकून बघितलंत, ऐटीत म्हणालात, "एकदम कडक लॉट आहे, साहेब. पन्नासातली सत्तेचाळीस चांगली."

मी म्हटलं, "सर, यातली अठरा बाद आहेत."

तुम्ही हसलात. मालकांकडे बघून म्हणालात, "बघा, आता रोल भिजवणाऱ्या बाया आपल्याला शिकवून राह्यल्या." मग माझ्याकडे वळलात. "कुणी शिकवलं गं तुला?"

"तुम्हीच, सर."

आणि मी फोन टेबलावर ठेवून सुरू केला. तुमचा आवाज, स्वच्छ, ठाम: मुळाचं टोक बघायचं. मालकांनी खिडकीतलं भिंग उचललं आणि एकेक टोक बघत गेले. मागे सहाही जणी उभ्या होत्या. वयस्कर बाई मोठ्याने मोजत होती. अठरावर थांबली. तुमचे कान लाल झाले होते आणि तुम्ही ते फोनचं बटण शोधत होतात, आवाज बंद करायला. तुम्हाला बटण दिसत नव्हतं. मला दिसत होतं. मी रेकॉर्डिंग शेवटपर्यंत चालू दिलं. अंबडवालीचं नाव मी तेव्हाच घेतलं, मालकांसमोर, तिला काय सांगून तुम्ही रजेवर गेला होतात ते सगळं.

तुम्हाला कुणी काढलं नाही. रिपोर्टवरची सही माझ्याकडे आली एवढंच. तुम्ही दोन महिने कोपऱ्यातल्या खुर्चीत बसलात आणि दिवाळीनंतर येणं बंद केलंत. मालकांनी लॅबला दोन फोन घेऊन दिले, मग शेतावरच्या सुपरवायझरांनाही. पुढच्या हंगामात कुंभार पिंपळगावकडच्या बियाण्याच्या प्लॉटवर गेले तर बांधावर बायका फोनभोवती डोकी घालून उभ्या, भेसळीचं, म्हणजे दुसऱ्याच जातीचं झाड कसं दिसतं ते आधी फोटोत बघत होत्या आणि मग ओळीत शिरून उपटत होत्या. त्यांतल्या कित्येकींना वाचता येत नव्हतं. कुणाचा कप न विसळता त्या शिकल्या. तुमचं ते रेकॉर्डिंग आम्ही नव्या बायकांना पुढेही बरीच वर्षं ऐकवलं. कुणी विचारलं, हा आवाज कुणाचा, तर मी सांगायचे, असेल कुण्या अधिकाऱ्याचा.

हे पत्र तुमच्या घरी द्यायचं एकदा मनात आलं होतं. तुमच्या पत्नी अजून त्याच गल्लीत राहतात. पण त्यांनी माझं काही बिघडवलेलं नाही, तेव्हा ते माझ्याच टेबलाच्या खणात राहील. एकच गोष्ट उरते, जी मी अंबडवालीलाही सांगितलेली नाही. तुमचं डोळ्यांचं ऑपरेशन झालं, त्यानंतर तुम्ही एकदा फाटकावर आला होतात. काळा चष्मा, हातात नवाकोरा मोबाइल, त्यावरचं प्लास्टिकसुद्धा काढलेलं नव्हतं. त्या दिवशी पहिल्यांदा तुम्ही मला अहोजाहो केलंत. म्हणालात, "तुम्ही काढलेले फोटो लई चांगले आल्ते म्हणून ऐकलं. मला आता दिसतं बराबर. माझ्याकडं रोपांचं काहीच राह्यलं न्हाई, वह्या इथंच राह्यल्या. एवढं ब्लूटूथ कसं करायचं तेवढं दाखवता का?"

मी म्हटलं, "फोनची बॅटरी संपलीय, सर. पुन्हा कधी या." तुम्ही फोन रुमालात गुंडाळून खिशात ठेवलात आणि रिक्षाच्या रांगेकडे गेलात. पुन्हा येणं तुम्हाला जमलं नाही. उन्हाळ्याच्या आत तुम्ही गेलात.

बॅटरी भरलेली होती.