मंगळवारी त्या रस्त्याने कोण गेलं

२१ फेब्रुवारी, गुरुवार. मिल्ड्युरा

निघालो एकदाचे. सकाळी बॅलरॅटच्या घराला कुलूप लावलं, किल्ली शेजारच्या नोरीनकडे दिली आणि तिच्या चेहऱ्यावरचा हेवा डोळे भरून पाहून घेतला. क्लाइव्हने चाळीस वर्षं दुधाचा टँकर चालवला. मी तीस वर्षं शाळेच्या कचेरीत बसून गैरहजर मुलांच्या आयांना फोन केले. आता आम्ही पुढे आणि आमचं घर दोन चाकांवर मागे. शहाणी माणसं कॅरव्हॅन घेऊन हिवाळ्यात बाहेर पडतात, इकडच्या फेब्रुवारीत, भर उन्हाळ्यात नाही. पण क्लाइव्हला निवृत्तीनंतर आठवडाभरसुद्धा धीर धरवला नाही, आणि खरं सांगायचं तर मलाही.

इथल्या कॅरव्हॅनच्या तळावर गाडी लावताना मात्र आमची पुरती शोभा झाली. कॅरव्हॅन मागे घेताना नवरा स्टिअरिंगवर आणि बायको मागे उभी राहून हातवारे करणार, अशी रीत आहे. ते बघायला सगळा तळ खुर्च्या टाकून बसलेला असतो. मी आपली जीव तोडून हात हलवत होते. क्लाइव्हने खिडकीतून डोकं बाहेर काढून सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, "ग्लेनिस, तू मला मागे बोलावतेयस की माश्या हाकलतेयस?" लोक खो खो हसले. चौथ्या खेपेला गाडी लागली. मग संध्याकाळी पाचला सगळ्यांबरोबर आपापल्या खुर्च्या आणि आपापली बीअर घेऊन गोलात बसलो. हसणाऱ्यांमधल्या दोघी आता माझ्या मैत्रिणी आहेत.

२४ फेब्रुवारी, रविवार. पोर्ट ऑगस्टा

आज मी पहिल्यांदा कॅरव्हॅन ओढत शंभर किलोमीटर गाडी चालवली. तळहाताला घाम, पण चालवली. क्लाइव्ह बाजूला बसून ब्रेक नसलेल्या जागी पाय दाबत होता.

गाव मागे पडलं की समोरून येणारा प्रत्येक जण स्टिअरिंगवरून हात न काढता एक बोट वर करतो. आपणही करायचं. ओळखपाळख काही नाही, पण मला ते फार आवडलं. मी इतक्या उत्साहाने बोट वर करत होते की क्लाइव्ह म्हणाला, तू निवडणुकीला उभी आहेस का. त्याने दुसरीही रीत सांगितली. बॉनेट उघडून कुणी उभा असला की थांबायचं, मग काहीही असो. चाळीस वर्षांत तो एकालाही टाकून पुढे गेलेला नाही. हे सांगताना त्याचा आवाज जरा बदलतो. मी थट्टा करते, पण त्याच्याशी लग्न केलं त्याला हे एक कारण होतंच.

गाडीतल्या रेडिओवर ट्रकवाले एकमेकांशी बोलत असतात. त्यांच्या शिव्या ऐकून माझ्या ज्ञानात भर पडते आहे.

२६ फेब्रुवारी, मंगळवार. वुडिन्ना

चव्वेचाळीस अंश. गॉलरच्या डोंगरांतून मातीच्या रस्त्याने आलो. सगळीकडे लाल माती, खारी झुडपं आणि मधूनच धावणारे एमू. दुपारच्या जेवणानंतर क्लाइव्ह पेंगला, म्हणून शेवटचे दोन तास मीच चालवलं. त्या दोन तासांत एकही गाडी भेटली नाही. एक माणूस रस्त्याकडेला उभा होता, त्याने हात केला, मी बोट वर केलं.

पबमध्ये पोहोचेपर्यंत स्वयंपाकघर बंद होईल अशी धास्ती होती, पण पोहोचलो. तळलेल्या मांसाचं स्निट्झेल ताटाबाहेर लोंबत होतं. थंड पाण्याने अंघोळ केली. छान दिवस गेला.

१ मार्च, शुक्रवार. स्ट्रीकी बे

समुद्र. कॅरव्हॅनच्या दारातून पेलिकन दिसतात. लिहायला बसले होते ते वेगळंच, पण आधी हे लिहिते.

तळ सांभाळणारी वेंडी सकाळी पाव द्यायला आली आणि दारातच बसली. डोंगराकडच्या रस्त्यावर काल एक माणूस मेलेला सापडला. डेस हॅनिगन, कुंपणं घालायची कामं करायचा, पन्नाशीचा. वेंडी त्याला लहानपणापासून ओळखत होती. त्याच्या गाडीतली वायरिंग जळली होती. पाण्याचा कॅन फुटलेला. आणि तो गाडी सोडून सात किलोमीटर चालत गेला होता.

"गाडी सोडायची नाही, हे त्यानेच अर्ध्या जिल्ह्याच्या पोरांना शिकवलं," वेंडी म्हणाली. "डेस असा चालत सुटणार नाही. तो कुणाच्या तरी मागे गेला. पुढे कुणीतरी थांबलंय, असं वाटलं असणार त्याला."

त्याच्या पावलांशेजारून गाडीच्या चाकांचे माग होते म्हणे. मंगळवारी त्या रस्त्याने कोण कोण गेलं, याची पोलीस चौकशी करताहेत.

वेंडी गेल्यावर क्लाइव्हने पावाला लोणी लावता लावता विचारलं, "आपण मंगळवारीच आलो ना तिथून? कुणी दिसलं का तुला?"

मी नाही म्हणाले. त्याने मान हलवली आणि दुसऱ्या तुकड्याला लोणी लावलं.

२ मार्च, शनिवार. स्ट्रीकी बे

त्याच्याशी खोटं बोलले, निदान वहीशी तरी बोलू नये.

त्याने नुसता हात केला नव्हता. अख्खा हात डोक्यावर नेऊन हलवत होता. मला आधी खरंच वाटलं, हा आपला इकडचा रामराम. मी हसून बोट वर केलं. मग आरशात त्याच्या गाडीचं बॉनेट उघडं दिसलं. झुडपाआड होतं, आधी दिसलं नव्हतं. थांबायला जागा होती. मी वेग कमी केला. त्याने ते पाहिलं असणार, कारण तो पळायला लागला.

मी पुन्हा वेग वाढवला.

का, ते मला माहीत आहे. एकटी बाई, अनोळखी पुरुष, हे पोलिसांना सांगायला बरं आहे, पण शेजारी सहा फुटांचा नवरा होता. मला कॅरव्हॅन मागे घेता येत नव्हती. मागे घ्यायची तर क्लाइव्हला उठवावं लागलं असतं, मग तास-दोन तास त्या उन्हात. पबचं स्वयंपाकघर बंद झालं असतं. दुसरं कुणी येईल, असं मी मनाला सांगितलं. स्निट्झेलसाठी, ग्लेनिस.

सरळ चौकीवर जाऊन सांगायचं आहे. पण आधी क्लाइव्हला सांगावं लागेल, आणि त्याच्या नजरेतून उतरायचं माझ्या जिवावर येतं.

३ मार्च, रविवार. स्ट्रीकी बे

कॅरव्हॅनची टाकी रिकामी. काल संध्याकाळी मी स्वतः भरली होती, दीडशे लिटर. नळ बंद, खाली जमीन कोरडी. क्लाइव्ह पाठीवर झोपून तासभर खाली शोधत होता. गळती नाही.

आतल्या स्वयंपाकाच्या ओट्यावर एक पेला होता. काठाला लाल माती. इथली वाळू पांढरी आहे.

मी पेला धुतला आणि क्लाइव्ह आत यायच्या आधी ठेवून दिला.

५ मार्च, मंगळवार. व्हीनस बे

क्लाइव्ह म्हणाला, हलू या इथून. मला बरंच वाटलं. पोलीस चौकीपासून दूर आलो, म्हणून बरं वाटलं, हेही लिहून ठेवते.

पोहोचल्यावर मी आधी स्वच्छतागृहाकडे पळाले. परत येते तर कॅरव्हॅन जागेवर लागलेली, एका खेपेत, रेघेत. क्लाइव्ह खूश. म्हणाला, आज पहिल्यांदा नीट हात दाखवलेस, तो मोठा हात डोक्यावरून हलवलास तो आरशात झकास दिसत होता.

मी तिथे नव्हते, असं सांगायला तोंड उघडलं. त्याने माझ्याकडे पाहिलं, मग स्वच्छतागृहाच्या दाराकडे. त्याचा रंग उतरला. त्याने चहा टाकायला नळ सोडला. नळातून नुसती हवा आली.

६ मार्च, बुधवार. एलिस्टन

दुपारी किनाऱ्यावर चालत होतो. भरतीच्या रेषेपाशी, पार टोकाला, एक माणूस. हात वर. हलवतोय.

मी वळले आणि क्लाइव्हला म्हणाले की ऊन लागतंय. क्लाइव्ह उभाच. त्याने पण हात वर केला. अर्धाच. मग खाली घेतला. कोण आहे विचारलं तर म्हणाला, मासे पकडणारा असेल कुणी.

त्या माणसाकडे गळ नव्हता.

परत आलो तर पायरीपासून ओट्यापर्यंत पावलं. लाल. आत आलेली. बाहेर गेलेली नाहीत.

मी फडक्याने पुसली. पुन्हा पुसली. फडकं पिळलं तर पाण्याचा थेंब नाही. ओल्या फडक्यातूनही—

७ मार्च, गुरुवार. एलिस्टनच्या पुढे, कड्यावर

इथे तळ नाही, नळ नाही. कुणी शेजारी नाही. क्लाइव्हनेच हट्टाने इथे आणलं. गावातून टाकी भरली, वर चार कॅन. अकरा वाजता पोहोचलो. बारा वाजता सगळं रिकामं. कॅनांची झाकणं उघडलेलीसुद्धा नाहीत.

मग सांगितलं मी. सगळं. वहीतही लिहिलं नव्हतं तेही सांगितलं. वेग वाढवल्यावर रेडिओ बोलला होता. त्याच्या हातात छोटा रेडिओ असणार. "पांढरी कॅरव्हॅन, ऐकू येतंय का? जरा थांबा. माझ्याकडे पाणी नाही." तीनदा म्हणाला. आवाजात राग नव्हता, अजिजी होती. तिसऱ्यांदा मी रेडिओ बंद केला. क्लाइव्हची झोप मोडू नये म्हणून. असं मी तेव्हा मनाशी म्हटलं होतं.

सांगून संपल्यावर मी वाट पाहिली. तो ओरडेल. निघून जाईल. काहीही चाललं असतं मला.

तो समुद्राकडे बघत म्हणाला, "मी जागा होतो, ग्लेन."

मला कळलंच नाही आधी.

"डोळे मिटून होतो. त्याचं बॉनेट मी तुझ्या आधी पाहिलं. डोळे उघडले असते तर थांबावं लागलं असतं. चाळीस वर्षं थांबलो गं. म्हटलं, एकदा नाही थांबलो. चालवत ती आहे, ठरवू दे तिला."

म्हणजे पाव खाताना मला विचारलं तेव्हा त्याला माहीत होतं. मी खोटं बोलले, आणि त्याचा जीव भांड्यात पडला. दहा दिवस आम्ही एकमेकांपासून एकच गोष्ट लपवत होतो.

मी त्याला मारलं. खरंच, हाताने, दंडावर. मग रडलो दोघं. उद्या सकाळी उठून स्ट्रीकी बेच्या चौकीवर जायचं. दोघांनी सांगायचं. ठरलं.

तो आता कड्याच्या काठावर उभा आहे. क्लाइव्ह नव्हे. क्लाइव्ह माझ्या शेजारी आहे.

८ मार्च, शुक्रवार. रस्त्यावर

गाडीत बसून लिहिते आहे. अक्षर नीट येत नाही.

आठला निघालो. क्लाइव्ह स्टिअरिंगवर. गावातून एक कॅन पाणी घेतलं आणि मी तो मांडीत धरून बसले, झाकणावर हात दाबून. सकाळपासून तो भरलेला आहे. आज आम्ही खरं सांगायला चाललो आहोत म्हणून, असं मला वाटत होतं.

वीस किलोमीटर झाले असतील. तो रस्त्याकडेला उभा होता. हात वर.

क्लाइव्हने गाडी बाजूला घेतली. मी नको म्हणाले. नको, नको, नको. तो म्हणाला, त्या दिवशी करायचं ते आज करतो. कॅन माझ्या मांडीतून घेतला. माझ्या डोक्यावर हात ठेवला. कॅरव्हॅनच्या मागे चालत गेला.

त्याला वीस मिनिटं झाली.

मागून आवाज नाही. वारासुद्धा नाही. आरशात पाहत नाहीये—

पाहिलं. रिकामा कॅन रस्त्यावर आडवा. दोघं उभे आहेत. दोघांचे हात वर. क्लाइव्हचा हात हलतोय. लांब वाटतो. होता त्याहून लांब. आणि तो माझ्याकडे चालत येतोय पण अंतर—

फोनला रेंज नाही. तोंड कोरडं. जीभ टाळूला चिकटते.

चालकाच्या जागेवर सरकले आहे. फक्त थंड हवेसाठी. इंजिन सुरू केलं.

रेडिओ लागला. मी लावला नाही.

क्लाइव्हचा आवाज. अजिजीने. ग्लेन, थांब. पाणी नाही गं इथे. थांब.

मी खाली उतरायला हवं. दार उघडायचं, एवढंच. सात-आठ पावलं. चाळीस वर्षांच्या सोबतीचा माझा माणूस. मी त्याला म्हटलं होतं की—

पुन्हा. थांब, ग्लेन.

पण मी एकटी तिथे जाऊन काय करणार. मला कॅरव्हॅन मागे घेता येत नाही. गाव फार दूर नाही. तिथे माणसं आहेत, पाणी आहे. शहाण्या बाईने हेच केलं असतं. कुणीही हेच—

तिसऱ्यांदा हाक मारायच्या आत रेडिओ बंद केला. कारण मला विचार करायचा आहे. टाकून जात नाहीये मी त्याला. फक्त पुढच्या गावापर्यंत जाते, आणि तिथून लगेच कुणालातरी