ह्यांचं रिव्हॉल्वर कोणाच्या नावावर

सोमवार, ३ नोव्हेंबर

जना, माझा पोरगा, माझ्या नावानं परत "हो" सांगून आला. परवान्याच्या कचेरीत. "आईची हरकत न्हाय" म्हणे. आईला विचारलं कोणी? आई काय सुपारीचं पोतं हाय, इथनं उचललं, तिथं ठेवलं? मी इथे चौलात वाडीत पाय धुवत होते आणि तिकडे अलिबागेत माझी हरकत संपली.

श्री. वर लिहायचं राहिलं. आता खालीच राहू दे.

वही सायलीची, कॉलेजची उरलेली. अर्ध्या पानावर चौकटी चौकटी. माझी शाळा तिसरीपर्यंत. अक्षर कसं का असेना, मलाच वाचायचंय.

ह्यांना जाऊन सात महिने झाले. तेव्हापासून ह्यांचं रिव्हॉल्वर फरीदभाईकडे जमा हाय. फरीदभाईचं अलि.ला परवान्याचं दुकान, बंदुका विकतो, दुरुस्त करतो. माणूस गेला की त्याचा परवाना गेला, हत्यार घरात ठेवता येत न्हाय. आता एका वारसानं आपल्या नावावर मागायचं, बाकीच्यांनी सह्या द्यायच्या. माझी सही नसली तर कागद हलत न्हाय. हे मला ठाऊक हाय. जनाला वाटतं, मला ठाऊक न्हाय.

जनाला स्वतःच्या नावावर पाहिजे. मग जुनं काढून टाकायचं आणि नवं पिस्तूल घ्यायचं. मोबाईलवर दाखवलं. काळं, प्लास्टिकचं अंग. मी म्हटलं, हे तर केस वाळवायचं मशीन.


मंगळवार, ४ नोव्हेंबर

नाना भाऊजी आले. ह्यांचे धाकटे भाऊ. पोलिसांच्या हत्यारखान्यात नोकरी केली, निवृत्त झाले, तोंड अजून ड्यूटीवर. जना होताच. दोघांची जुंपली. मी ओसरीवर सुपारी कातरत ऐकत होते.

भाऊजी: "चाप ओढला नि गोळी न्हाय उडाली, तर रिव्हॉल्वरमध्ये काय करायचं? परत ओढायचा. चाक फिरलं, दुसरी समोर. तुझ्या पिस्तुलात एक अडकली की दोन्ही हातांनी खटपट. तोवर समोरचा चहा पिऊन जाईल."

जना: "काका, तुमच्यात सहाच. ह्यात दहाच्या वर, मॅगझिन खालनं सरकवलं की झालं. तुमच्या सहा भरेपर्यंत समोरचा जेवून झोपेल."

"कोण समोरचा?" मी विचारलं.

समोरच्याचं नाव कोणाला ठाऊक न्हाय, पण त्याचा चहा, जेवण, झोप सगळं ठरलेलं.

मग परत सुरू. लोखंड चांगलं का प्लास्टिक. खाऱ्या हवेत काय टिकतं. भाऊजी म्हणाले, "दादाचं कधी अडकणार न्हाय. इंग्लिश बनावट हाय, पोरा. मधनं मोडून उघडतं, रिकामी टरफलं आपसूक वर." हे सांगताना हात असे उघडले जसं काही बाळ दाखवतायत.

सायलीला फोन लावला. जनाची पोरगी, पनवेलला नोकरी करते, रविवारी रेंजवर नेमबाजी. ती म्हणाली, "आजी, दोघांना विचार, आयुष्यात मिळून किती गोळ्या मारल्यात?"

विचारलं. भाऊजी म्हणाले, ते माझं काम नव्हतं, मी हत्यारं मोजायचो. जना म्हणाला, सिग्नल नीट येत न्हाय.


गुरुवार, ६ नोव्हेंबर

गुडघा. लिहायचं मन नव्हतं.

आज पाट धुताना दसरा आठवला. दर दसऱ्याला पाटावर विळा, कोयता, माझा अडकित्ता आणि मधे रिव्हॉल्वर. हे गोळ्या काढून ठेवायचे, सहा रिकामी भोकं मला दाखवायचे आणि म्हणायचे, घे, पूज. मी पुसायची, आपल्या वाडीतलं तेल लावायची, हळदकुंकू, झेंडूचं फूल. तेल सढळ. हत्याराला कंजुषी करू नये असं सासूबाईंनी शिकवलेलं. चाळीस दसरे झाले असतील. ह्या दसऱ्याला मधली जागा रिकामी राहिली. अडकित्ता सरकवून मधे ठेवला.

परवान्याचं कारण, हे सुपारी सोसायटीची रोकड पोचवायचे. सोसायटी कधीच उठली. परवाना राहिला.


रविवार, ९ नोव्हेंबर

सायलीनं रेंजवर नेलं. जना बरोबर, त्याला तिथली पिस्तुलं बघायची होती.

कानांवर डबड्या घातल्या मला. एवढा मोठा बार उडाला तरी कानात नुसतं धप्प.

पोरगी उभी राहिली. एक हात खिशात, दुसरा वर. आधी पिस्तुलाचं टोक हललं हे खरं, मग हळूहळू हलायचं थांबलं. खाडीच्या कडेला बगळा उभा असतो ना, पाणी हलतं आणि तो न्हाय, तशी. श्वास अर्ध्यात धरलेला मला दिसला. माझी नात, जिला मी नाक शिंकरायला शिकवलं. धप्प. असं पाच वेळा. कागदावर काही दिसेना. ती म्हणाली, "आजी, मधे बघ." मधल्या काळ्यात भोक, त्याच्या शेजारी भोक. पाच. माझ्या तळहातात मावतील असे.

घरी येईपर्यंत हात असा धरून बघत होते मांडीवर.

पिस्तूल तिचं न्हाय, क्लबचं. चौघी वापरतात. मूठ दुसरीच्या हाताची.

चहाच्या टेबलाभोवती पाच-सहा पुरुष, तोच वाद. एक म्हणे, जुन्या पोलादाला जीव असतो. दुसरा म्हणे, जीव असतो म्हणूनच मरतं, नव्याचा भाग तुटला तर दुसरा आणून बसवायचा. जना मान डोलवून डोलवून. सायलीला कोणी विचारलं न्हाय. पाच भोकं त्यांतल्या एकानं पण बघितली न्हायीत.

परत येताना गाडीत ती हळूच म्हणाली, "पप्पा, आजोबांचं मला द्याल? माझ्या नावावर?"

जना हसला. "तू स्पर्धा कर. परवाना घरच्या पुरुषाच्या नावावर असतो."

"कायद्यात असं कुठे आहे?"

जनानं रेडिओ मोठा केला.


मंगळवार, ११ नोव्हेंबर

कचेरीचं पत्र आलं. गुरुवारी, २० तारखेला सगळ्या वारसांनी यायचं. मला पण. आता बरं माझं नाव लिहिलं.

आधी हत्यार बघणार, मग सही. जनाला सांगितलं. तो म्हणाला, "आये, तुला त्यातलं काय कळतं?" मी म्हटलं, "तुला अडकित्ता धरता येत न्हाय, तरी सुपारी खातोस ना."


शुक्रवार, १४ नोव्हेंबर

आज फरीदभाईचं दुकान. रिक्षानं अलि., भाऊजी आणि मी. जना नि सायली पनवेलहून आले.

नीट लिहिते.

फरीदभाईनं कपाटातनं काढलं, गोळ्या नाहीत ते सगळ्यांना दाखवलं, फडक्यावर ठेवलं. भाऊजींनी भाषण सुरू केलं. हे कधी अडकत न्हाय, ह्याच्यात अडकायला काही हायच न्हाय. फरीदभाईनं अंगठ्यानं चाक फिरवलं.

फिरेना.

परत जोर लावला. न्हाय. चाप ओढला, चाप जागचा हलेना.

जनाचं तोंड असं उजळलं जसं काही त्याच्या धंद्यातल्या ट्रकला परमिट मिळालं. "काका, परत ओढा ना. दुसरी समोर येईल."

भाऊजी पांढरे. "कोणी काय केलंय ह्याला?"

फरीदभाईनं बारीक काडीनं फटीतलं काढलं. पिवळट, मेणासारखं घट्ट. बोटावर चोळलं, वास घेतला. "खोबरेल." दुसऱ्या फटीतनं काढलं ते लाल. "आणि हे, काकी, कुंकू."

चौघं माझ्याकडे.

"माझ्याकडे काय बघता? नवऱ्यानं हातात दिलं, मी पूजलं. तेल आत जाऊ नये असं त्यानं सांगायचं होतं." असं मी मोठ्यानं म्हटलं. पण कान तापले. म्हणजे इतकी वर्षं हे कंबरेला बंद कुलूप लावून हिंडले. आणि कुलूप मी घातलेलं.

मग फरीदभाई बसला साफ करायला. स्क्रू काढला, झाकणाची पट्टी उचलली. आणि आतलं दिसलं.

मला वाटलं होतं आत काय, एक नळी नि एक स्प्रिंग. आत सगळं घड्याळाहून दाट. एक चिमुकला हात, तो चाकाला ढकलतो. एक दात, तो चाकाला बरोबर जागी धरतो. एक वाकडी पट्टी, तिच्यावर सगळ्याचा जोर. रॉकेलनं पुसलं तशी एकेक वस्तू उजळत गेली. फरीदभाईनं भिंगातनं दाखवलं, एकेका भागावर तोच नंबर कोरलेला. म्हणाला, "काकी, हे कानशीनं घासून घासून एकमेकांना बसवलेलं. दुसऱ्याचा भाग ह्यात बसणार नाही. ज्यानं बसवलं तो कधीच मातीत गेला." कानशीच्या रेषा दिसत होत्या. कोणा माणसाचा हात थांबला ती जागा दिसत होती. मी भिंग सोडेना.

गंज? एक टिपका न्हाय. फरीदभाई म्हणाला, चौलच्या हवेत कोरडं ठेवलं असतं तर आत भुगा झाला असता.

मी भाऊजींकडे बघितलं. ते छताकडे.

मग जनानं हट्ट केला, नवं पण उघडा. फरीदभाईकडे एका गिऱ्हाईकाचं सफाईला आलेलं होतं. ते पण आधी रिकामं दाखवलं. मग वरचा भाग मागे घेतला, एक खटका दाबला, आणि तो भाग पुढे सरकून निघून हातात आला. स्क्रू न्हाय, पेचकस न्हाय. चार तुकडे फडक्यावर. परत लावलं, मी खोकून होईपर्यंत तयार. हलकं इतकं की मला वाटलं खेळणं. आत एक लहानसा अडसर हाय, चाप ओढल्याशिवाय तो बाजूला होत न्हाय, म्हणून खाली पडलं तरी उडत न्हाय. हे ज्याला सुचलं त्याच्या आईला मी भेटले असते. खोटं कशाला लिहू, जनाचं पण खरं हाय. विळीला धार लावून जन्म काढणाऱ्या बाईला हे कळतं. एक हत्यार कारागिरानं एकट्यानं बसवलेलं, दुसरं कोणीही कुठलाही भाग उचलून लावावा असं. दोन्ही बघून मी गार.

शेवटी जुन्याचं चाक फिरवलं. टक. टक. टक. सहा वेळा. दर वेळी जागेवर येऊन थांबायचं, केसाचा फरक न्हाय. जना पण वाकून बघत होता.

निघताना फरीदभाई ह्यांच्याबद्दल सहज बोलून गेला. "काका आले होते ना, सहा-सात वर्षं झाली. म्हणाले चाक अडकलंय. मी म्हटलं ठेवून जा, दोन दिवसांत देतो. म्हणाले, असू दे. घेऊन गेले."

मी पायरीवर थांबले. "असू दे म्हणाले?"

"हो काकी. हसले पण."


शनिवार, १५ नोव्हेंबर

ठाऊक होतं ह्यांना. अडकलंय हे ठाऊक होतं. आणि त्यानंतरच्या दसऱ्याला परत माझ्याच हातात दिलं. घे, पूज. त्याच्या पुढच्या दसऱ्याला परत. मी तेल घालतेय, हे समोर बसून बघतायत.

सांगितलं असतं तर मी थोडं कमी घातलं असतं. एवढंच. बोलायचं तोंडावर आलं की हे पान लावायला घ्यायचे.

रात्री कंबरेला ते आणि वाडीची फेरी, हे मी स्वतः बघितलंय. न उडणारं घेऊन. भीती वाटली नसेल? का आता वाटेनाशी झाली होती म्हणून


रविवार, १६ नोव्हेंबर

कालचं अर्धं राहिलं. दूधवाला आला. राहू दे.

जना आला. म्हणाला, "बघितलंस ना, जुनं अडकतं."

"मी अडकवलं. त्यानं काय केलं?"

"आये, ट्रकचा धंदा हाय, माणसं कशी असतात तुला ठाऊक न्हाय. तू इथे एकटी."

"मी एकटी, आणि पिस्तूल तुझ्याजवळ पनवेलला. मग मला कशाला सांगतोस?"

रागावला. चहा न पिता गेला. जाताना दारातनं म्हणाला, गुरुवारी कचेरीत मीच बोलणार, तू फक्त सही कर.

मग सायलीचा फोन. तिला सरळ विचारलं, तुला कशाला पाहिजे? खेळायला त्याचा उपयोग न्हाय, तूच म्हणालीस. वजनदार, मोठ्या गोळीचं. बाप नवं घेईल, घरात राहील, तुला बघायला मिळेल.

ती मग म्हणाली, "आजी, सांगते. जरा वेळ दे."

उत्तर न्हाय असं म्हणाली न्हाय. हे मी ध्यानात ठेवलंय.


बुधवार, १९ नोव्हेंबर

उद्या कचेरी. लुगडं काढून ठेवलं, चष्मा, आधार कार्ड. भाऊजी तीनदा येऊन गेले. वहिनी, मी बोलतो, मला कचेरीची भाषा येते. जनाचे दोन फोन. आये, तू बोलू नकोस, साहेब उलटसुलट विचारतात.

साहेब काय विचारणार? एकच. कशाला पाहिजे. मी ओसरीवर विचारलं, कोण समोरचा, त्याच्याहून मोठा सवाल त्यांच्याकडे पण नसणार.

सही करायचं पेन पदरात बांधलंय. सही कोणाला द्यायची ते अजून कागदावर न्हाय, माझ्या मनात पण पुरतं न्हाय. डोळे मिटले की ते चाक फिरतं, टक टक. आणि पाच भोकं.

म्हणून आज लिहून ठेवते आणि सकाळी कचेरीच्या दारात सगळ्यांना वाचून दाखवणार. साहेबांनी विचारलं, कशाला, तर जनानं बोलायचं न्हाय. भाऊजींनी तर तोंडात सुपारीच ठेवायची, मी कातरून देते. मी पण बोलणार न्हाय. सायलीला पण यायला सांगितलंय, उत्तर तिनं द्यायचं. उभं राहून, तिथे रेंजवर उभी राहते तशी. तिचं होईपर्यंत मधे कोणी खोकायचं सुद्धा न्हाय.